चार बोटं

तळ्याच्या तळावर तळ ठोकून आज नववा दिवस.
तळं नाही.
फायाच्या पुढं वार्दुगूनं टायरांतली हवा थोडी सोडली,
म्हणाला, आता पाण्यात शिरतोय,
आणि हसला नाही.

इथं वारा पहाटे चारला उठतो
आणि उन्हं कलेपर्यंत
ओंजळ ओंजळ तळ नेत राहतो.
पांढरं पीठ भाकरीत, दातांत, उंटाच्या पापण्यांवर,
झाराच्या चुलीवरच्या दुधात.
चिमूटभर भिंगाखाली धरलं
तर कणाकणाची काचेची डबी होते,
नक्षी कोरलेली, झाकणासकट.
उजेड खाऊन कुणीतरी हिरव्यानं
गोड्या पाण्यात बांधलेली घरं.
धनी गेले. घरं उडतात.

अश्ता लफायचा पदर कमरेला खोचते
आणि घण उचलते.
नळी हातभर जाते, मग अडते, मग अचानक
लोण्यात गेल्यासारखी.
तिघांनी खेचून वर काढली. तंबूत आडवी ठेवली.
उभी चिरली.

आधी वास आला,
सडक्या अंड्याचा, हजारो वर्षं कोंडलेला.
झारा नाक दाबून बाहेर पळाली
आणि परत आत आली.
वर वाळू. खाली मिठाचा पापुद्रा, नखाएवढा.
त्याखाली करडं, पांढरं, करडं, पांढरं,
मधेच मांगूर माशाचा काटा,
आडवा,
जसा खाली आला तसाच.

वार्दुगू दारात उभा. विचारलं,
माझी माणसं यात कुठं?
आणि बोटं मोडत म्हणत गेला:
माझा बाप केल्लेमी, त्याचा तोगोई,
त्याचा अल्लातची, त्याचा मोली,
त्याचा कोसो, त्याचा बार्का,
त्याचा बाप बिदी, जो विहिरीत पडूनही जगला.

अश्ता खोटं बोलत नाही, हा तिचा दोष.
म्हणाली, तुझे सातही यात नाहीत.
त्यांच्या वाट्याला नुसता वारा आला, आणि वारा काही ठेवत नाही.
पण पाणी असताना
सात बापांएवढा काळ
एवढा साचायचा.
आणि तिनं नळीवर चार बोटं आडवी ठेवली.

तो बराच वेळ त्या चार बोटांकडं बघत राहिला.

मग, आटलं कुठं?
तिनं दाखवलं. शेवटच्या दाट पांढऱ्यापासून
मिठापर्यंत.
त्यानं स्वतःची बोटं लावली, चार,
मग दुसऱ्या हाताची चार.
चौदा बाप, तो म्हणाला.
चौदांपैकी एकानंही पाहिलं नसणार.
प्रत्येकानं पोराला सांगितलं असेल,
माझ्या लहानपणी पाणी त्या दगडापर्यंत होतं,
आणि पोराला वाटलं असेल,
म्हाताऱ्याला वाढवून सांगायची खोड आहे.

माझं काम चिठ्ठ्या लावायचं.
क्रमांक, खोली, तारीख, कुणी काढली.
वरची बाजू कुठली, ते बाणानं दाखवायचं,
नाहीतर पुढं कुणीतरी उलटं वाचेल
आणि पाणी वाढत गेलं म्हणेल.

भोक तसंच उरलं होतं, मनगटाएवढं.
वार्दुगूनं त्यावर दगड ठेवला,
उंटाचा पाय जायला नको म्हणून.
मग गुडघ्यांवर बसून दगड सरकवला,
कान लावला, पुन्हा ठेवला.
काय ऐकलं, विचारलं नाही.

रात्री त्यानं अश्ताचा फोन मागून घेतला.
पलीकडं फायात त्याचा धाकटा.
कुठं आहेस, बाबा?
तळ्यावर.
पाणी आहे?
त्यानं मान वर केली. लांब, चांदण्यात,
कड्याच्या कमरेला एक फिकी आडवी रेघ होती.
त्या कड्याच्या निम्म्यापर्यंत, तो म्हणाला.

फोनमधून पोराचं हसू
आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.